तारेची फुलं

रेकॉर्ड कंपनीचे असाबुकीसाहेब कापडाच्या फुलांवर सेंट मारत होते. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने नाकावर धरलेला रुमाल. सभागृहाच्या दाराबाहेर फुटपाथवर माणसापेक्षा उंच तिकाटणी ओळीने उभी होती, प्रत्येकावर फुलांचा गच्च गोल आणि खाली पाठवणाऱ्याच्या नावाची पाटी. एकेकापुढे थांबून साहेब फूस-फूस करत आणि पुढे सरकत. आज ज्याच्या गाण्याचा कार्यक्रम होता तो किटो सेइजी दाराच्या काचेआड उभा राहून हे बघत होता. लिलीचा म्हणून विकतात तो सेंट. खऱ्या लिलीने हुंगला असता तर तिने मान टाकली असती. त्यात गोदामातल्या धुळीचा वास मिसळून ते सगळं दाराच्या फटीतून आत येत होतं.

पाट्यांवरची नावं मात्र मोठी. एक सिनेनटी, एक बेसबॉलपटू, रात्रीच्या बातम्या वाचणारे एक गृहस्थ, झालंच तर दोन-तीन गाजलेले गायक. यांपैकी कुणीही पाकळीसुद्धा पाठवलेली नव्हती, आणि बहुतेकांनी सेइजीचं नावही ऐकलेलं नव्हतं. टोकियोत नाटकाचं सामान भाड्याने देणारा एक जण आहे, त्याच्याकडून ही तिकाटणी काल ट्रकने आली होती. पाट्या तेवढ्या नव्याने रंगवल्या होत्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, यातली गत.

"टोकियोत आम्ही हे आतच मांडतो," साहेब दार ढकलून आत येत म्हणाले. "पण तुमच्या नागोयाचा फुटपाथ बघ, केवढा रुंद. येणारा-जाणारा पाट्या वाचेल, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. काय रेइ, भारदस्त वाटतंय ना?"

रेइ हे सेइजीचं नवं नाव. कंपनीने ठेवलेलं, आडनाव छाटून टाकलेलं. कुत्र्याला हाक मारावी तसं ते साहेबांच्या तोंडून यायचं आणि कुत्र्यासारखाच सेइजी मान वर करायचा.

"वाटतंय," तो म्हणाला.

सेइजी या गावात जन्मला होता. नागोयात दाराबाहेर मांडलेल्या फुलांचं काय होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. नवं दुकान उघडलं, की गल्लीतल्या बायका येतात आणि दाराबाहेरची फुलं उपटून घरी नेतात. चोरी म्हणत नाही कुणी. फुलं जितकी लवकर संपतील तितका धंदा चालणार. आणि ज्याची फुलं दुसऱ्या दिवशी जागच्या जागी, तो एकतर चिकट नाहीतर कमनशिबी. हे साहेबांना सांगावं असं सेइजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याने ती सेंटची बाटली बघितली आणि ओठ मिटून घेतले. उपटू देत, त्याला वाटलं. कुणीतरी उपटायलाच हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी तो 'दोरोनुमा'चा गायक होता. दोरोनुमा म्हणजे दलदल, आणि नाव शोभेल असंच सगळं होतं. इथल्याच ओसुच्या बाजारात एका तळघरात चौघे वाजवायचे. भिंतीतून पाणी झिरपायचं, ऐकायला येणाऱ्यांच्या बुटांना चिखल लागायचा. रंगमंच नव्हताच, घामाने थबथबलेली पोरं आणि गायक यांच्यात हातभर अंतर. कंपनीचा माणूस ऐकून गेला आणि दुसऱ्या दिवशी ओगिसो काकूंच्या कॉफीच्या दुकानात चौघांसमोर बसून म्हणाला, "आवाज हवाय. बाकीचे नकोत." गिटारवाल्याने उकडलेलं अंडं सोलायचं थांबवलं. सेइजीने विचार करायला वेळ मागितला, पण कॉफी गार व्हायच्या आत त्याचं ठरलेलं होतं. ड्रम वाजवणाऱ्या तेत्सुला तो बाहेर आल्यावर म्हणाला होता, "राग मानू नकोस. शेवटी बँड म्हणजे आवाजच असतो."  तेत्सुने फक्त नाक शिंकरलं.

आणि मग टोकियोत काय झालं, तर तो आवाजही कंपनीला पुरेना.

पहिल्या रेकॉर्डसाठी कंपनीने दोरोनुमाचीच एक चाल उचलली, शब्द कुणा लिहिणाऱ्याकडून नवे करून घेतले, मागे व्हायोलिनं भरली. त्या चालीत एक वरचा सूर होता. तळघरात सेइजीला तो कधीच नीट लागला नव्हता. तिथे पोचला की गळा फाटायचा, आणि नेमक्या त्या क्षणी तेत्सु झांजेवर असा दणका द्यायचा की फाटलेलं झाकून जायचं. लोकांना वाटायचं, गाणंच तसं आहे. स्टुडिओत झांज नव्हती. सेइजीने दिवसभर तो सूर ओरबाडला. "छान, जमलं," असं म्हणून त्याला घरी पाठवण्यात आलं.

तयार रेकॉर्ड त्याने ऐकली, तेव्हा तो सूर आला, स्वच्छ, लांब, पाण्यासारखा. सेइजीच्या अंगावर काटा आला. आपण असं गाऊ शकतो, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने ती जागा पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की यंत्रावर बसलेला माणूस जमिनीकडे बघतोय. सूर एका कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचा होता. ती आली, गायली, टेप हळू फिरवून तिचा आवाज पुरुषी केला, ती डब्यातलं जेवण जेवली, सगळ्यांना वाकून नमस्कार करून निघून गेली. सेइजीने संडासात जाऊन उलटी केली. त्याला शिसारी त्या बाईची आली नव्हती. परक्या सुरावर आपल्या अंगावर काटा आला होता, त्याची आली होती.

बाहेर हॉर्न वाजला. सोयाबीन आंबवून मिसो बनवणाऱ्या कारखान्याचा छोटा टेम्पो फुटपाथला लागला आणि त्यातून रबरी बूट घातलेला तेत्सु उतरला. मागच्या बाजूने त्याने एक तिकाटणं ओढून काढलं. त्यावरची फुलं खरी होती. पांढऱ्या लिली, पिवळी शेवंती, गुलाबी जरबेरा, रंगांचा काही मेळ नाही, एक-दोन देठ वाटेत मोडलेले. पाटीवर जाड अक्षरात लिहिलं होतं, 'दोरोनुमा, उरलेले तिघे'.

असाबुकीसाहेब पुढे झाले, कमरेत वाकले, दोन्ही हातांनी आपलं कार्ड दिलं. "फारच उपकार झाले. इतकी सुंदर फुलं." मग पाटी वाचली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "हे आपण मागच्या बाजूला ठेवू या."

"मागे म्हणजे? सायकली लावतात तिथे?"

"तिथे वारा कमी. फुलं ताजी राहतील."

"वा. फुलांची फार काळजी तुम्हाला," तेत्सु म्हणाला आणि शेजारच्या कापडी जरबेराला बोट लावून बघितलं.  तिकाटणं खांद्यावर टाकून तो इमारतीच्या मागे गेला, तसा सेइजीही आतून मागच्या दाराने बाहेर आला.

सायकलींच्या रांगेशेजारी, संडासाच्या खिडकीखाली तेत्सु तिकाटण्याचे पाय टेकवत होता. त्याच्या अंगाला मिसोचा आंबूस, खारट वास येत होता. सेइजीच्या अंगाला केसांच्या फवाऱ्याचा येत होता, आणि खांद्यात भरलेल्या कापसामुळे त्याचं जाकीट त्याच्या आधी वळायचं.

"काय हे," तेत्सु त्याला नखशिखान्त बघून म्हणाला. "केकवर बसवतात तसला बाहुला झालायस."

"तू यायला नको होतंस."

"तिकीट काढलंय. तिसऱ्या रांगेत आहे. बाकीचे दोघे आले नाहीत, ते म्हणाले, तूच जा आणि थुंकून ये." तेत्सुने मोडलेला देठ सरळ करून बघितला. "रेकॉर्ड ऐकली. चाल आपलीच की रे. पण शब्द कुणाचे? चांदण्याची मखमली वाट. मखमली वाट म्हणजे काय, पाय घसरायचा. मला तर अजीर्णच झालं."

"मी नाही लिहिले."

"ते कळलं. पण तो वरचा सूर." तेत्सु थांबला. त्याला हे बोलायचं नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहवत नव्हतं असं दिसलं. "तो कसा काय लागला तुला? आमच्याकडे जन्मात लागला नाही. मी झांज मारून मारून मनगट मोडून घेतलं."

सेइजीने सायकलींकडे बघितलं. "लागतो आता," तो म्हणाला.

"तेच ऐकायला आलोय," तेत्सु म्हणाला. "नाहीतर तुझं तोंड बघायला कोण येतंय."

तो गेल्यावर सेइजी तिथेच उभा राहिला. वरच्या खिडकीतून संडासाचा वास येत होता, आणि तोही पुढच्या दाराच्या वासापेक्षा बरा वाटत होता. तेत्सुला आज कळणार होतं. सहा वर्षं सेइजीच्या पाठीमागे बसून ज्याने त्याचा प्रत्येक श्वास मोजला, त्याला समोर बसून उसना आवाज ओळखायला कितीसा वेळ लागणार? आवाज म्हणून तिघांना टाकून गेलेला माणूस, आणि त्याच्याकडे आवाजही नाही.

दार उघडायची वेळ झाली आणि बायका आल्या.

कुठून आल्या ते कळलं नाही. एक दिसली, मग चार, मग फुटपाथ भरला. हातात पिशव्या, पिशव्यांत जुनी वर्तमानपत्रं आणि कात्र्या. सगळ्यांत पुढे ओगिसो काकू, केस ताजे कुरळे करून, दुकानाचा एप्रन तसाच कोटाखाली. त्यांनी सिनेनटीच्या तिकाटण्यापुढे उभं राहून पाटी वाचली, "अगं बाई, ही पण का?" म्हणाल्या आणि लिलीला हात घातला.

"बाई, बाई, हे काय करताय तुम्ही?" असाबुकीसाहेब धावले.

"न्यायला आलोय."

"कुठे न्यायला? ही फुलं पाहुण्यांनी पाठवलीत. पोलीस बोलवीन मी."

"बोलवा की. ही बघा, पोलिसाचीच बायको." काकूंनी शेजारच्या कात्रीवालीकडे मान वळवली. कात्रीवालीने नम्रपणे नमस्कार केला आणि बेसबॉलपटूच्या जरबेराकडे वळली. "तुम्ही कुठले?"

"टोकियोचा."

"वाटलंच. तुमच्या पोराचं भलं व्हावं म्हणूनच नेतोय हो. गप्प उभे राहा, नाहीतर अपशकुन व्हायचा."

पण लिली निघेना. काकूंनी ओढली, पिळली, मग पाय रोवून दोन्ही हातांनी हिसडली. तिकाटणं डुगडुगलं.

"तारेने बांधलीय मेली."

"माझीही निघत नाही."

"अगं, कापड आहे हे. शिवण दिसतेय बघ."

"आणि वास कसला, माझ्या नणंदेच्या कपाटासारखा."

हसू एका टोकाला सुरू झालं आणि ओळभर पसरलं. तिकीट घेऊन उभी असलेली पोरंही हसू लागली. एकीने बातम्या वाचणाऱ्या गृहस्थाची पाटी नखाने खरवडली, तर खालून कुठल्याशा नाटक मंडळीचं नाव निघालं. असाबुकीसाहेबांचं पितळ असं भर रस्त्यात उघडं पडलं, तरी गडी शाबूत. "सजावट आहे ही, सजावट," ते दोन्ही हात पसरून सांगत होते. "खरी फुलं नुसती सुकतात. वाया जातात."

काकूंना दारात उभा असलेला सेइजी दिसला. चौघांना एकाच कॉफीवर संध्याकाळभर बसू देणारी, वर अंडी वाढणारी ही बाई. तिने आपला तळहात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"काय रे सेइजी. तुझी फुलं निघत नाहीत."

काकूंनी तळहात त्याच्यापुढे धरला.

"हाताला वास लागलाय. साबणाने तरी जाईल का रे?"

"नाही जात," सेइजी म्हणाला. "मागे जा काकू. सायकलींपाशी."

झुंडीने बायका मागे गेल्या. सेइजीने ते बघितलं नाही, फक्त ऐकलं. कात्र्यांचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज, "ती पिवळी मला, माझ्या सासऱ्यांच्या फोटोला होईल," आणि मग कुणीतरी पाटी वाचून मोठ्याने हसलं. ओठ रंगवून घ्यायला त्याला आत बोलावलं तेव्हा मागच्या बाजूला पुन्हा शांत झालं होतं.

"ओहायो गोझाइमास," म्हणजे शुभ सकाळ, असं वाटेत भेटणारा जो तो त्याला म्हणत होता. संध्याकाळ झाली तरी या धंद्यात सकाळच असते. सेइजीला तीही खोटी वाटली.

रंगपटाच्या खोलीत असाबुकीसाहेब बाटलीतला चहा पीत होते. मघाच्या प्रकाराचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता. सेइजीने आरशातून त्यांच्याकडे बघत म्हटलं, "ते शेवटचं गाणं मी माझ्या गळ्याने म्हणतो. टेप नको."

"व्हायोलिनं टेपवर आहेत."

"मग व्हायोलिनं ठेवा. त्या बाईला काढा."

"एकाच टेपवर आहेत सगळे. आणि काढून काय करशील? तिथे तुझा गळा फाटतो. मी ऐकलंय." साहेबांचा आवाज चढला नव्हता, आजारी मुलाला औषध पाजावं तसे ते बोलत होते. "आज कंपनीची माणसं बसलीत. दुसरी रेकॉर्ड काढायची की नाही ते आज ठरतं. ओठ हलव, बाकी कुणी विचारणार नाही. लोकांना खरं नको असतं, रेइ. नीटनेटकं हवं असतं."

"बायकांना बाहेर खरं तेच हवं होतं."

"त्या बायका फुकट्या होत्या," साहेब म्हणाले आणि चहाचं झाकण लावलं.

सेइजीने ओठ हलवायचं कबूल केलं. सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्याने ठरवून केलं असं नंतर काही लोक म्हणू लागले. तसं काही नव्हतं. त्याला दुसरी रेकॉर्ड हवी होती. मळमळ तर आताशा रोजचीच होती. दात घासावेत तशी तो ती गिळत असे.

कार्यक्रम बरा चालला होता. भाड्याचे वादक चोख वाजवत होते, एकाचंही बोट चुकत नव्हतं आणि एकालाही घाम येत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेत तेत्सु हाताची घडी घालून बसला होता, रबरी बूट तसेच. त्याच्यामागे ओगिसो काकू, मांडीवर वर्तमानपत्राचा लांबट पुडा, त्यातून शेवंती डोकावत होती.

शेवटी ते गाणं आलं. टेप सुरू झाली, व्हायोलिनं वाजू लागली, सेइजी मखमली वाटेवरून चालू लागला आणि ती जागा आली. त्याने माईक ओठांशी धरला, मान मागे टाकली, गळ्याच्या शिरा फुगवल्या. आरशापुढे हे सगळं त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. सूर आला. स्वच्छ, लांब, पाण्यासारखा.

त्याने तेत्सुकडे बघितलं. तेत्सु ओळखणार, उठणार, तोंड फिरवून निघून जाणार, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि त्यासाठी त्याने मन घट्ट केलं होतं.

तेत्सुने ओळखलं नव्हतं. तो उभा राहिला होता. त्याची मूठ हवेत होती आणि तोंड उघडं, आणि दिव्याच्या तिरिपीत त्याचे गाल ओले दिसत होते. थुंकायला आलेला माणूस, ज्याला टाकून दिलं तो माणूस, सेइजीला शेवटी सूर लागला म्हणून रडत होता.

आजवर गिळलेलं सगळं सेइजीच्या घशाशी आलं. शिव्या चालल्या असत्या. त्या त्याच्या स्वतःच्या असत्या. हा आनंद त्याचा नव्हता, डबा खाऊन गेलेल्या एका बाईचा होता, आणि तेत्सु तो त्याच्या पदरात टाकत होता. अशी किळस त्याला जन्मात कशाची आली नव्हती.

सूर दुसऱ्यांदा येणार होता. सेइजीने माईक खाली घेतला, हात मांडीला लावला आणि तोंड मिटून नुसता उभा राहिला.

सूर आला. मिटलेल्या तोंडाच्या माणसाभोवती तो सभागृहभर फिरला, छताला लागला, लांबत राहिला. आधी लोकांना कळेना. मग कुणीतरी "अरे" म्हणालं. तेत्सुची मूठ तशीच वर राहिली, पण चेहरा हळूहळू विझला. बाजूच्या पडद्याआडून असाबुकीसाहेब हातवारे करत होते. ते सेइजीसाठी होते की आपल्यासाठी, हे टेपवाल्या पोराला समजलं नाही, आणि त्याने घाबरून टेपच बंद केली. व्हायोलिनं मध्येच तुटली. भाड्याच्या वादकांनी एकमेकांकडे बघितलं आणि वाद्यं खाली घेतली.

सूर तिसऱ्यांदा यायचा राहिला होता. सेइजीने माईक उचलला आणि एकट्याने ती ओळ म्हटली. आवाज वर गेला, अडखळला आणि नेहमीच्या जागी टराटरा फाटला. झाकायला काही नव्हतं. तिसऱ्या रांगेत तेत्सुचा उजवा हात सवयीने उचलला गेला आणि हवेतच थांबला, कारण तिथे झांज नव्हती. फाटलेला सूर सेइजीने सोडला नाही. श्वास संपेपर्यंत त्याने तो तसाच, घाणेरडा, ओढत नेला.

मग काहीच वाजत नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. त्या शांततेत ओगिसो काकू शेजारणीला काहीतरी म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण कॉफीच्या दुकानात आयुष्य गेलेल्या बाईचा आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हां. हे निघालं."

हसलेही काही जण. काही उठून गेले, तिकिटाचे पैसे मागायला. कंपनीची माणसं आधीच उठली होती. असाबुकीसाहेबांनी रंगपटात सेइजीचा अपमान केला नाही, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त त्याला पहिल्यांदाच, परक्याला म्हणावं तसं आडनावाने, किटो-सान म्हटलं आणि जाकीट काढून ठेवायला सांगितलं. ते जाकीट कंपनीचं होतं.

सेइजीने तोंड धुतलं, हात धुतले, पुन्हा धुतले. वास गेला नाही. पुढच्या दारापाशी तिकाटणी ट्रकमध्ये चढवत होते. एकाचंही फूल गळलेलं नव्हतं, उद्या ती दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभी राहणार होती. तो मागच्या दाराने बाहेर पडला.

सायकली बहुतेक गेल्या होत्या. संडासाच्या खिडकीखाली तेत्सुचं तिकाटणं उभं होतं. फूल सोडा, पानही शिल्लक नव्हतं. नुसते बांबू, ओला पेंढा आणि पाटी. तेत्सु शेजारी उकिडवा बसून सिगारेट ओढत होता.

"ती बाई कोण?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाव माहीत नाही."

"छान गाते."

"हो."

"मी मूठ वर केली. सगळ्यांसमोर. गाढवासारखा रडलो." तेत्सुने सिगारेट जमिनीवर चिरडली, बराच वेळ चिरडत राहिला. "याबद्दल मी तुला सोडणार नाही."

"नको सोडूस."

"आणि तू गायलास. शी. आधीपेक्षाही घाण."

  तेत्सु उठला, पँट झटकली, पाटी काढून काखेत मारली. मग बांबूच्या एका पायाला हात घालून त्याने मानेनेच दुसऱ्या बाजूकडे खूण केली.

"धर तिकडून. फुलवाल्याला परत द्यायचंय."

सेइजीने दुसरी बाजू धरली आणि दोघे ते घेऊन टेम्पोकडे चालू लागले. एकही फूल न राहिलेलं तिकाटणं ते. एकट्या तेत्सुने एका हाताने उचललं असतं.